गुणी पेशंट

रात्रपाळी संपायच्या आधी रिपोर्ट बुकात प्रत्येक खाटेपुढं एक ओळ लिहावी लागे. जिला ताप नाही, उलटी नाही, जिच्या सलाइनची सुई निघालेली नाही, तिच्यापुढं ठरलेलं वाक्य यायचं : ‘स्लेप्ट वेल. नो फ्रेश कम्प्लेंट्स.’ झोप लागली, नवी तक्रार नाही. ३६ वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती हजार वेळा लिहिलं त्याची गणती नाही. पहाटे पाचला डोळे मिटत असायचे, हात मात्र लिहीत असायचा. ज्यांच्यापुढं हे वाक्य न विचारता लिहिता येई, त्यांना आम्ही आपसांत ‘गुणी पेशंट’ म्हणायचो.

१९७६ सालची गोष्ट. बायकांचा सर्जिकल वॉर्ड. खाटा ४०, पेशंट ६०च्या वर, उरलेल्या जमिनीवर गाद्या टाकून. रात्री आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. १७ नंबरला पालघरकडची एक बाई होती, तिशीच्या आतली. आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेलं. शेजारची १८ नंबरची म्हातारी रात्रभर कुणाच्या ना कुणाच्या नावानं हाका मारायची, तिच्याकडे चार खेपा झाल्या. जाता जाता मी १७ला विचारलं, ‘काय गं, दुखतंय का?’ तिनं मान हलवली. ‘नाही सिस्टर, बरं आहे.’

दोन वाजता सगळ्यांची नाडी आणि ब्लडप्रेशर बघायचं होतं. १७ला झोप लागलीय असं वाटलं, म्हणून उठवलं नाही. चार्टवर आकडा मात्र लिहिला. दहाच्या नाडीत दोन मिळवून.

चारला मावशी बेडपॅन घेऊन गेली ती धावतच परत आली. बाईच्या अंगाला दरदरून घाम, हात गार, नाडी १३०च्या वर, पोट पाटासारखं कडक. आत टाका सुटून रक्त साचत होतं. हाउसमनला उठवलं, थिएटर उघडलं, ती वाचली. वर महिनाभर राहिली. जरा बसती झाल्यावर मी विचारलं, ‘बोलली का नाहीस गं?’ तर म्हणते, ‘तुम्ही किती दमला होता. त्यात ती म्हातारी. म्हटलं, सकाळपर्यंत सोसू.’ भेटायच्या वेळी तिची सासू आली होती. मोठ्या कौतुकानं म्हणाली, ‘आमची सून पहिल्यापासून सोशीक.’

मी वसईची, ख्रिस्ती. त्या शनिवारी पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडच्या फादरांना खोट्या आकड्याचं सांगितलं. त्यांनी समजून घेतलं, प्रायश्चित्त दिलं. आणि शेवटी म्हणाले, त्या बाईकडून शिक, प्रभूनं क्रूसावर सोसलं तसं तिनं मुकाट्यानं सोसलं. मी बाकावर येऊन गुडघे टेकले आणि मला राग आला. देवळात राग आला म्हणून पुन्हा अपराधी वाटलं. तो राग कशाचा होता हे नीट उमगायला मात्र ३० वर्षं गेली, आणि तेही एका रद्दीतल्या पुस्तकामुळं.

निवृत्त होऊन गिरीजच्या घरी कायमची राहायला आले तेव्हा पुतण्यानं बंद पडलेल्या वाचनालयातून इंग्रजीचा एक जाडजूड कोश आणून दिला. पुठ्ठा नव्हता, आत वाळवीची नक्षी. शब्दाच्या पुढं त्याचं मूळ दिलेलं असायचं. संध्याकाळी ओट्यावर बसून मी माझ्या जगातले शब्द काढत गेले. आधी अर्थातच स्वतःचा. ‘नर्स’चं मूळ लॅटिनमधल्या पोसण्यात, दूध पाजण्यात. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘नोरीस’ झालं, म्हणजे दूधआई. ‘हॉस्पिटल’ आणि ‘हॉटेल’ हे सख्खे भाऊ, दोघांचा बाप लॅटिन ‘होस्पेस’, आणि गंमत म्हणजे त्याचा अर्थ पाहुणाही आणि यजमानही. ‘डॉक्टर’ म्हणजे शिकवणारा. (हे मी आमच्या बऱ्याच डॉक्टरांना सांगायला हवं होतं.) मग ‘पेशंट’ काढला.

लॅटिनमध्ये एक धातू आहे, ‘पाती’. सोसणं, भोगणं, आपल्याला जे होतंय ते होऊ देणं. त्यापासून ‘पातिएन्स’, सोसणारा. फ्रेंचांनी त्याला ‘पासियाँ’ केलं, इंग्रजांनी ‘पेशंट’. ‘पेशन्स’ त्याच धातूचा, ‘पॅसिव्ह’ त्याचाच, आणि ‘कम्पॅशन’ म्हणजे सोबत सोसणं. आणि ‘पॅशन’. इथं मी कोश मिटून मांडीवर ठेवला, कारण हा शब्द माझ्या ओळखीचा होता.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९६०च्या दशकात मिस्सा मराठीत यायच्या आधी, सगळी उपासना लॅटिनमध्ये चाले. गुड फ्रायडेला योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूचं दुःखसहन वाचलं जायचं. सुरुवातीचा शब्द ‘पास्सिओ’. वाचन संपता संपत नसे, सगळ्यांनी उभं राहायचं, आम्हा पोरांच्या पोटऱ्या दुखायच्या. मग प्रभूचा प्राण जातो तिथं सगळं देऊळ एकदम गुडघ्यांवर. अर्थ एका अक्षराचा कळत नव्हता, पण ‘पास्सिओ’ म्हणजे पाय दुखेपर्यंत उभं राहणं, हे मनाशी पक्कं झालं होतं. तेव्हा १७ नंबरची बाई आणि क्रूसावरचा येशू यांना जोडणारे ते जाळीपलीकडचे फादर शब्दांच्या हिशेबानं चुकले नव्हते. दोघं एकाच धातूतून आलेली.

आमच्या गावात तेव्हा सेमिनरीत लॅटिन शिकवून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध फादर होते. सुकेळ्यांची पुडी घेऊन मी त्यांच्याकडे जाऊन बसले. ते खूश झाले. कित्येक वर्षांत कुणी त्यांना लॅटिनचं काही विचारलं नव्हतं.

‘बाय, हा धातू मोठा लबाड आहे,’ ते म्हणाले. ‘याचं रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. दिसतो पडून राहिल्यासारखा, पण काम चालू असतं.’ लॅटिनमध्ये असे बरेच धातू असतात म्हणे. मला ते ऐकून वॉर्ड आठवला. खाटेवर पडलेलं माणूस काहीच करत नाही असं आम्ही धरून चालायचो. त्या रात्री १७ नंबर किती काम करत होती! ओरडू नये म्हणून.

मराठीनं यातलं काय घेतलं ते पाहण्यासारखं आहे. आपण ‘पेशंट’ हे नाम घेतलं आणि ‘पेशन्स’ही घेतला, पण दोन्ही वेगवेगळ्या दुकानांतून आणल्यासारखे. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ असं आपण विचारतो, आणि ‘जरा पेशन्स ठेवा’ असंही त्याच माणसाला सांगतो, तेव्हा एकच शब्द दोनदा उच्चारतोय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आपले स्वतःचे शब्द निराळ्या वाटेचे. ‘रुग्ण’ हा रुज् धातूतला, म्हणजे मोडलेला. ‘आजारी’ फारसीतला, ‘आजार’ म्हणजे त्रास. माझी आजी ‘दुखणाईत’ म्हणायची. घरात दुखणाईत आहे, आवाज करू नका. तिच्या बोलण्यात गप्प राहायचं ते बाकीच्यांनी. दुखणाईतानं सोसलंच पाहिजे अशी अट त्या शब्दात कुठंच नाही. आणि मराठीत मी तापाची कर्तीही नसते. मला ताप येतो, पाहुणा दारात यावा तसा.

‘पाती’ला पुण्याई चिकटली ती आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर. कार्थेज, आजच्या ट्युनिशियात. तिथल्या तेर्तुल्लियन नावाच्या लेखकानं इसवी सन २००च्या आसपास लॅटिनमध्ये सहनशीलतेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात मला फार आवडते. तो कबूल करतो की ज्या गुणावर मी लिहितोय तो माझ्यात नाही, मी अधीरपणाच्या तापानं कायम आजारी असतो, आणि आजाऱ्याला जसं आरोग्याबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही तसं माझं झालंय. म्हणजे सहनशीलतेवरचं हे पुस्तक एका तक्रारखोर पेशंटनं लिहिलेलं! त्यानंतर ५०-६० वर्षांनी, २५६ साली, त्याच शहराचा बिशप सिप्रियन यानं त्याच विषयावर लिहिलं. साथीचे आणि छळाचे दिवस होते ते. दोन वर्षांनी त्याचं स्वतःचं डोकं उडवण्यात आलं. त्याच्या लेखणीला सोसण्याबद्दल बोलायचा अधिकार होता, हे मान्य केलं पाहिजे.

पण माझ्या रागाचं उत्तर मला मिळालं ते ऑगस्टीनकडं. हिप्पोचा बिशप, ४३० साली वारला, त्याचंही सहनशीलतेवर एक पुस्तक आहे. फादर त्यातलं एकेक वाक्य सांगत आणि मला मराठीत समजावत. ऑगस्टीन म्हणतो, चोर-दरोडेखोरही थंडी सोसतात, भूक सोसतात, रात्र रात्र जागतात. मग त्यांना सद्गुणी म्हणायचं का? माणूस किती सोसतो यावरून काही ठरत नाही, कशासाठी सोसतो त्यावरून ठरतं. डॉक्टरच्या हातून कापून घेणारे, डागून घेणारे लोकही त्याला दिसतात; ते देहाच्या बरेपणासाठी सोसतात. हे ऐकलं आणि मी फादरांना १७ नंबरची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ‘ती कशासाठी सोसत होती, फादर?’

ते बराच वेळ सुकेळं चघळत बसले. मग म्हणाले, ‘तुझ्या झोपेसाठी.’

यावर मला आजही काही बोलता येत नाही.

पुढं हा शब्द फ्रान्समध्ये वाढला. तिथं आजारी माणसाला वेगळा शब्द होता आणि आहे, ‘मालाद’, म्हणजे वाईट अवस्थेतला. ‘पासियाँ’ म्हणजे ज्याच्यावर उपचार चाललेत तो. आणि पूर्वी आणखीही एक अर्थ होता. ज्याला वधस्तंभाकडे नेत असत, त्या कैद्यालाही फ्रेंचमध्ये ‘पासियाँ’च म्हणत. सर्जनच्या सुरीखालचा आणि जल्लादाच्या हातातला, दोघांना एक शब्द, कारण दोघांचंही काम एकच, हलायचं नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या मागोमाग असे हजारो शब्द खाडी ओलांडून गेले. इंग्रजांचा घरचा सोसण्याचा शब्द होता, ‘थोल’. तो स्कॉटलंडच्या बोलीत उरला, बाकी ठिकाणी फ्रेंच पाहुण्यानं त्याची खाट बळकावली. चौसरच्या कँटरबरी कथांमध्ये, म्हणजे १४व्या शतकाच्या अखेरीला, यात्रेकरूंमधल्या वैद्यबुवाचा ‘पेशंट’ आहे, आजच्याच अर्थानं. त्याच पुस्तकात ग्रिसेल्डाचीही कथा आहे. नवरा तिची परीक्षा घ्यायची म्हणून तिची दोन्ही लेकरं नेतो, तिला हाकलून देतो, आणि ती चकार शब्द काढत नाही. इंग्रजीत तिचं विशेषणच होऊन बसलंय, ‘पेशंट’ ग्रिसेल्डा. आपल्याकडच्या मुलगी बघायच्या कार्यक्रमात ती पहिल्या फेरीत पसंत पडली असती. चौसरला मात्र हे पचलं नसावं. कथा संपल्यावर तो जोडपत्रात सांगून टाकतो की ग्रिसेल्डा मेली आणि तिची सहनशीलताही तिच्याबरोबर गेली, बायांनो, तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. विनोदानं सांगतो, पण सांगतो.

आता दुसरा शब्द, रिपोर्ट बुकातला. ‘कम्प्लेंट’. तोही लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनंच आलेला. मूळ धातूचा अर्थ छाती पिटणं, ऊर बडवून रडणं. लॅटिन मिस्सात ‘मेआ कुल्पा’ म्हणताना आम्ही तीनदा छातीवर मूठ मारायचो, ती याच शब्दाची सौम्य नात म्हणायची. आणि कुठल्याही केसपेपरची पहिली ओळ पाहा. ‘सी-ओ’, म्हणजे ‘कम्प्लेन्स ऑफ’. पेशंटची तक्रार काय. तिथून पुढं तपासणी, निदान, औषध. तक्रार नाही तर वैद्यक सुरूच होत नाही. म्हणजे इंग्रजीनं खाटेवरच्या माणसाचं नाव ठेवलं ‘मुकाट सोसणारा’ आणि त्याच्या कागदाची पहिली ओळ ठेवली ‘ऊर बडवतो’. या दोघांच्या मध्ये मी ३६ वर्षं पेन घेऊन उभी होते आणि ऊर न बडवणाऱ्याला गुणी ठरवत होते.

आणि देवाचं काय? त्यालाही गुणी पेशंटच आवडतात का? आम्हाला धर्मशिक्षणात ईयोबाचं उदाहरण देत. याकोबाच्या पत्रात त्याच्या सहनशीलतेची वाखाणणी आहे. पण ईयोबाचं पुस्तक मी उतारवयात स्वतः सलग वाचलं. ४२ अध्याय. पहिले दोन अध्याय तो धीरानं घेतो. तिसऱ्यात तोंड उघडतो ते आपल्या जन्मदिवसाला शाप देत, आणि मग अध्यायामागून अध्याय देवाशी भांडतो. त्याचं सांत्वन करायला आलेले मित्र अगदी आमच्या राउंडसारखे, खाटेभोवती उभे राहून पेशंटचाच दोष सांगणारे. शेवटी देव बोलतो आणि रागावतो ते मित्रांवर. ईयोब माझ्याबद्दल खरं बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना सुनावतो. त्या जाळीपलीकडच्या फादरांना हे पान कुणी वाचून दाखवलं असतं तर!

आणि ज्याचं उदाहरण त्यांनी मला दिलं, तो तरी मुकाट कुठं होता? गेथशेमाने बागेत त्यानं हा प्याला टळू दे म्हणून विनवलं. क्रूसावर मोठ्यानं ओरडून बापाला जाब विचारला की मला का सोडलंस. योहानाच्या वर्णनात तो जाब नाही, मार्क आणि मत्तयाच्या वर्णनात आहे. आम्ही गुड फ्रायडेला योहानाचं वाचन ऐकत मोठे झालो, त्यामुळं कदाचित ती आरोळी आमच्या कानांत पुरेशी बसली नाही. आपल्या मराठीत तरी देवाशी भांडायला कधी परवानगी लागली नाही. जनाबाईनं विठोबाला शिव्या घातल्या आणि लोकांनी त्या शिव्या देवळात म्हटल्या.

इथं फादर आणि माझं एकदा वाजलं. ते म्हणाले, देव सोसत नाही. परंपरेनं देवाला ‘इम्पास्सिबिलिस’ म्हटलंय, ज्याला काही भोगावं लागत नाही असा. पुन्हा तोच धातू. क्रूसावर प्रत्यक्ष पित्यानंच दुःख भोगलं असं म्हणणारा एक पंथ दुसऱ्या-तिसऱ्या शतकात निघाला होता. त्यांना ‘पित्याला सोसायला लावणारे’ असं नाव पडलं आणि पाखंडी ठरवलं गेलं. त्यांच्यावर तुटून पडला तो आपला तेर्तुल्लियनच. प्राक्सियस नावाच्या माणसानं बापालाच क्रूसावर चढवलं, असा त्याचा टोमणा आहे. तर्क फादरांच्या बाजूचा होता, मला ठाऊक आहे. ज्याला भोवळ येऊ शकते त्याच्या आधारावर जग कसं उभं राहणार? पण मी वॉर्डात काम केलेली बाई. जे डॉक्टर कधी स्वतः खाटेवर पडले नव्हते, त्यांचा हात पोटावर कसा पडतो आणि एकदा पडून उठल्यावर कसा पडतो, हे मी पाहिलंय. फादरांनी मला योर्गेन मोल्टमान या जर्मन धर्मतत्त्वज्ञाचं नाव सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी झालेल्या या माणसानं १९७२ साली ‘क्रूसावर खिळलेला देव’ अशा अर्थाचं पुस्तक लिहून हा जुना खटला पुन्हा उघडला. ‘तुझ्यासारखेच आहेत बघ,’ फादर म्हणाले, जरा नाइलाजानं. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. शेवटच्या आजारात ते अजिबात गुणी नव्हते. घंटीवरचा हात काढत नसत.

गेल्या वर्षी माझं पित्ताशय काढलं, दुर्बिणीतून. रात्री खांदा ठणकायला लागला. पोटात भरलेल्या गॅसमुळं तसं होतं, एक-दोन दिवसांत जातं, हे मी शेकडो बायकांना सांगितलेलं. म्हणून गप्प पडून राहिले. घंटी उशाशी होती. बाहेर कुठंतरी एक म्हातारा हाका मारत होता आणि रात्रपाळीच्या पोरीच्या चपला त्याच्याकडे जाता-येता वाजत होत्या. मध्येच ती दारातून डोकावली. तेवीस-चोवीस वर्षांची असेल, केस क्लिपमधून सुटलेले. ‘आजी, जाग्या आहात? किती शांत असता हो तुम्ही. गुणी पेशंट!’ आणि गेली.

मी घंटी दाबली.

ती परत आली तेव्हा म्हटलं, उजवा खांदा दुखतोय. गॅसचं असणार, मला माहीत आहे. तरी लिही. तिनं बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला. मी म्हटलं, हातानं बघ, बाय. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग खुर्ची ओढून बसली आणि घड्याळाकडे नजर लावून पूर्ण एक मिनिट माझं मनगट धरून राहिली. चार्ट तिच्या मांडीवर होता. उलटं अक्षर वाचायची सवय माझी अजून गेलेली नाही. सी-ओ राइट शोल्डर पेन. पल्स ८४. वेळ २ वाजून १० मिनिटं.